डॉ. मातेओ ओर्फिला : न्यायासनापुढील रसायनशास्त्रज्ञ

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा सेनापति, साधुसंत, कवि अथवा राजकारणी पुरुष उभे राहतात. न्यायकचेरीच्या एका खोलींत कांचेच्या नळ्या व चिनी मातीच्या बशा मांडून बसलेला मनुष्य सहसा कोणास आठवत नाहीं. तथापि खुनाच्या आरोपावरून एखादा स्त्री-पुरुष पिंजऱ्यांत उभा असतां, त्यानें घरीं परत जावें कीं जन्माचें तुरुंगांत जावें, हें पुष्कळ वेळां अशाच एका मनुष्याच्या साक्षीवर अवलंबून असतें. वैद्यकाचें ज्ञान न्यायाच्या कामीं लावणाऱ्या ह्या विद्येस न्यायवैद्यक असें म्हणतात, आणि तिच्यांतील विषांचा विचार करणाऱ्या शाखेस विषशास्त्र. ह्या शाखेचा पाया ज्यांनीं घातला, त्या डॉ. मातेओ ओर्फिला ह्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ओर्फिला ह्यांच्या कामगिरीचें महत्त्व कळण्यास प्रथम सोमलाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. सोमल ही पांढरी पूड आहे. तिला वास नाहीं व चवही जवळजवळ नाहींच. साखरेंत, पिठांत किंवा दुधांत मिसळली असतां ती ओळखूं येत नाहीं. शंभर-दोनशें वर्षांपूर्वीं युरोपांत उंदीर मारण्याच्या निमित्तानें ती कोणासही थोड्या पैशांत मिळत असे. पोटांत गेली म्हणजे ओकाऱ्या, जुलाब, घशाला कोरड व हातापायांस गोळे हीं लक्षणें होत. आणि पटकीच्या रोगांतही नेमकीं हींच लक्षणें होत असल्यामुळें पुष्कळ डॉक्टर पटकीनें मृत्यु असें लिहून मोकळे होत. धनिकांच्या घरीं वारसांची घाई ह्या पुडीनें भागते, म्हणून फ्रान्सांत लोकांनीं तिला वारशाची पूड असें उपहासाचें नांव दिलें होतें.

ह्या अज्ञानाचा परिणाम दुहेरी होता. खरा अपराधी उजळ माथ्यानें फिरे, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू त्याहून भयंकर होती. रोगानें कोणी मेला, आणि शेजारीपाजारी कुजबूज सुरू झाली, कीं संशय स्वयंपाकिणीवर, सुनेवर किंवा सावत्र आईवर येई. आणि आपण निर्दोष आहों हें दाखविण्यास त्या बिचारीजवळ कांहींच साधन नसे. शरीरांत विष आहे कीं नाहीं हें जोंवर कोणास सांगतां येत नव्हतें, तोंवर न्यायाधीशांस अफवांवरच भिस्त ठेवावी लागे.

मातेओ ओर्फिला ह्याचा जन्म ता. २४ एप्रिल १७८७ रोजीं भूमध्य समुद्रांतील मिनॉर्का ह्या स्पॅनिश बेटावर, माहोन नांवाच्या बंदरांत झाला. त्याचा बाप व्यापारी होता, आणि मुलानें व्यापारी जहाजावर अधिकारी व्हावें अशी त्याची इच्छा होती. पंधरा वर्षांचा असतां मातेओनें एक सफरही केली. परंतु समुद्रावरील जीवन त्यास मानवलें नाहीं. मुलाचा ओढा विद्येकडे आहे हें पाहून बापानें आपला आग्रह सोडला, ही गोष्ट आमच्या पालकवर्गानें लक्षांत घेण्यासारखी आहे. इ. स. १८०४ मध्यें मातेओ वैद्यक शिकण्यासाठीं व्हॅलेन्सिया येथें गेला. तेथील रसायनशास्त्राचें शिक्षण फार जुनाट होतें. पण त्यानें गुरूंस दोष देत बसण्यांत वेळ दवडला नाहीं. नव्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचे ग्रंथ मिळवून व राहत्या खोलींत लहानसहान प्रयोग करून त्यानें ती उणीव भरून काढली. पुढें तो बार्सिलोना येथें आला. तेथील व्यापारी मंडळानें त्याची हुशारी पाहून त्यास शिष्यवृत्ति दिली व अधिक अभ्यासासाठीं पॅरिसला पाठविलें. शिकून परत यावें व बार्सिलोनांत रसायनशास्त्र शिकवावें, अशी योजना होती.

इ. स. १८०७ मध्यें तो पॅरिसला पोहोंचला, आणि दुसऱ्याच वर्षीं नेपोलियनचें सैन्य स्पेनमध्यें शिरून दोन्ही देशांमध्यें युद्ध जुंपलें. शिष्यवृत्ति बंद पडली. एवढेंच नव्हे, तर शत्रूच्या देशांतील मनुष्य म्हणून त्यास पोलिसांनीं पकडलें. अशा वेळीं व्होकेलाँ नांवाचे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ, जे त्याचे गुरु होते, ते स्वतः जामीन राहिले व आपल्या शिष्यास त्यांनीं सोडवून आणलें. मार्सेय येथील एका काकानें पैशाची थोडीबहुत मदत केली. खासगी शिकवण्या करीत करीत इ. स. १८११ मध्यें त्यानें पॅरिस येथें डॉक्टरची पदवी मिळविली. ज्या देशानें त्यास एकदां कैद केलें, त्याच देशांत पुढें त्याचें सारें आयुष्य गेलें.

पदवी मिळाल्यावर डॉ. ओर्फिला रसायनशास्त्राचे खासगी वर्ग चालवूं लागले. इ. स. १८१३ च्या एप्रिल महिन्यांत त्यांच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला, आणि त्या प्रसंगानें त्यांच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. त्या दिवशीं ते सोमलाविषयीं शिकवीत होते. सोमल पाण्यांत विरघळवून त्यांत अमुक द्रव्य घातलें कीं अमुक रंगाचा सांका तळाशीं बसतो, हें पुस्तकांत दिलेलें होतें व त्यांनीं तें अनेकदां करून पाहिलें होतें. कॉफी, दारू किंवा सार ह्यांत सोमल मिसळला असला तरी ह्याच खुणा दिसतात, असें त्यांनीं विद्यार्थ्यांस सांगितलें, आणि खात्री पटविण्यासाठीं कॉफीच्या पेल्यांत सोमल टाकून प्रयोग करून दाखविला. पण झालें भलतेंच! पांढरा स्वच्छ सांका बसावयाचा, तेथें काळसर जांभळा गढूळ गाळ बसला. सर्व वर्गादेखत गुरुजींचें म्हणणें खोटें ठरलें.

येथें आम्ही क्षणभर थांबतों. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंतही क्षारांची परीक्षा करतांना हवा तो रंग न येण्याचे प्रसंग नेहमींच येतात. अशा वेळीं कांहीं विद्यार्थी शेजाऱ्याच्या वहींत डोकावतात, पुस्तकांतला रंग आपल्या वहींत उतरतात, आणि नळींतला खरा रंग मोरींत ओतून देतात. गुण मिळतात; पण ज्ञान मोरींतून वाहून जातें. डॉ. ओर्फिला तरुण होते, परक्या देशांत होते, आणि शिकवण्यांवर त्यांचें पोट चालत होतें. कॉफी शिळी होती, सोमल अशुद्ध होता, अशी एखादी सबब सांगून त्यांना वेळ मारून नेतां आली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं. वर्ग संपल्यावर त्यांनीं इतर विषें घेऊन हाच प्रयोग अन्नपाण्यांत करून पाहिला, आणि बहुतेक ठिकाणीं पुस्तकांतल्या खुणा चुकल्या. शुद्ध पाण्यांतील विष सर्वांस ओळखतां येत होतें. पण खून करणारा कांहीं शुद्ध पाण्यांतून विष देत नाहीं. तें अन्नांत मिसळतें, पोटांत जातें, रक्तांत भिनतें, आणि मग प्रेतांतून तें शोधावयाचें असतें. ह्या गोष्टीचें शास्त्र अद्यापि जन्मासच आलें नव्हतें, हें त्यांस त्या दिवशीं कळून चुकलें. लगेच त्यांनीं एका प्रकाशकाची गांठ घेतली व ह्या विषयावर ग्रंथ लिहिण्याचें ठरविलें.

हा ग्रंथ इ. स. १८१४ व १८१५ ह्या सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्या वेळीं ग्रंथकर्त्याचें वय अवघें सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचें होतें. खनिज, वनस्पतिज व प्राणिज विषें, त्यांचे गुणधर्म, त्यांचीं लक्षणें, मृत्यूनंतर शरीरांत दिसणारे फरक आणि विष शोधण्याच्या रीति, ह्या सर्वांचा त्यांत पद्धतशीर विचार केलेला होता. ह्या ग्रंथानें त्यांचें नांव युरोपभर झालें. इ. स. १८१८ मध्यें त्यांनीं सामान्य लोकांसाठीं, कोणास विषबाधा झाली किंवा कोणी गुदमरला तर काय उपाय करावे, हें सांगणारें एक सोपें पुस्तकही लिहिलें. इ. स. १८१९ मध्यें ते पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठांत न्यायवैद्यकाचे प्राध्यापक झाले, इ. स. १८२३ मध्यें त्यांच्याकडे रसायनशास्त्राचें अध्यापन आलें, आणि इ. स. १८३१ पासून १८४८ पर्यंत ते तेथील मुख्याधिकारी होते. त्यांचा आवाज फार गोड होता. पॅरिसच्या मोठमोठ्या घरच्या बैठकींत त्यांचें गाणें ऐकण्यास लोक उत्सुक असत.

एक गोष्ट मात्र लपवितां येत नाहीं. विषांचा परिणाम पाहण्यासाठीं त्यांनीं कुत्र्यांवर फार मोठ्या संख्येनें प्रयोग केले, व विष ओकून पडूं नये म्हणून त्यांच्या अन्ननलिका बांधल्या. त्या काळच्या कांहीं डॉक्टरांनींही ह्या रीतीस दोष दिला होता. त्या मुक्या प्राण्यांच्या वेदनांची किंमत देऊन हें ज्ञान मिळालें आहे, हें विसरणें बरें नव्हे. ह्या प्रयोगांतूनच पुढें एक महत्त्वाचा सिद्धांत निघाला. विष केवळ जठरांत राहत नाहीं. तें रक्तावाटे यकृत, प्लीहा, मूत्रपिंडें इत्यादि अवयवांत जाऊन बसतें. ओकाऱ्यांनीं जठर रिकामें झालें असलें, तरी यकृत खरी हकीकत सांगूं शकतें.

परंतु अवयवांत बसलेलें विष फार थोडें असतें. तें दिसावें कसें? ह्या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांतून आलें. इ. स. १८३३ मध्यें मेडस्टन येथें बॉडल नांवाच्या एका तरुणावर आपल्या आजोबांस कॉफींतून सोमल दिल्याचा खटला झाला. वुलिच येथील सरकारी शस्त्रागारांतील रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श ह्यांनीं जुन्या रीतीनें सोमल शोधून काढला. पण ज्यूरीपुढें दाखविण्याची वेळ येईपर्यंत तो पिवळा सांका बिघडून गेला, आणि आरोपी सुटला. मार्श ह्यांस ही गोष्ट फार लागली. त्यांनीं खटपट करून इ. स. १८३६ मध्यें एक नवी परीक्षा प्रसिद्ध केली. ती थोडक्यांत अशी : बाटलींत जस्त व सौम्य गंधकाम्ल घातलें म्हणजे हायड्रोजन वायु निघतो. त्यांत संशयित पदार्थ घालावा. त्या पदार्थांत सोमल असेल, तर तो वायुरूप होऊन हायड्रोजनबरोबर बाहेर पडतो. नळीच्या टोंकाशीं वायु पेटवावा व ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरावी. सोमल असल्यास बशीवर आरशासारखा चकचकीत काळा डाग पडतो. एका मिलिग्रॅमचा अगदीं अल्प अंशही ह्या परीक्षेंत लपत नाहीं.

ह्या तीक्ष्णतेंतच तिचा धोकाही होता. जस्तांत किंवा आम्लांत मुळांतच सोमलाचा अंश असला तर? अंजनासारख्या दुसऱ्या एखाद्या धातूनेंही असाच डाग पडला तर? प्रेत ज्या मातींत पुरलें होतें त्या मातींतूनच सोमल आला असला तर? डाग दिसला कीं मनुष्य दोषी, असें म्हणूं लागल्यास कित्येक निरपराधी लोक बळी पडले असते. डॉ. ओर्फिला ह्यांची खरी थोरवी येथें आहे. ही परीक्षा त्यांनीं अवयवांस लावली, आणि तिच्याभोंवतीं खबरदारीचें कुंपण घातलें. प्रथम नुसतें जस्त व आम्ल घेऊन परीक्षा करावी. डाग पडला तर तीं द्रव्यें टाकून द्यावीं. अवयव आम्लानें किंवा शोऱ्यानें पुरते जाळून कोळसा करावा. डाग सोमलाचाच आहे कीं काय, हें दुसऱ्या रीतींनीं ताडून पाहावें. थडग्याभोंवतालची माती वेगळी तपासावी. हें सर्व झाल्याशिवाय साक्षीदारानें तोंड उघडूं नये.

ह्या सर्व नियमांची कसोटी इ. स. १८४० मध्यें लागली. फ्रान्सच्या मध्यभागांतील ल ग्लांदिए ह्या गांवीं शार्ल लाफार्ज नांवाचा एक लोखंडाचा कारखानदार राहत असे. आपण श्रीमंत आहों असें भासवून त्यानें इ. स. १८३९ मध्यें मारी काप्पेल नांवाच्या पॅरिसच्या सुशिक्षित तरुणीशीं विवाह केला. वास्तविक तो कर्जांत बुडालेला होता व घर पडकें, उंदरांनीं भरलेलें होतें. त्या डिसेंबरांत तो पॅरिसला गेला असतां पत्नीनें पाठविलेला केक खाऊन आजारी पडला, आणि घरीं परत आल्यावर ता. १४ जानेवारी १८४० रोजीं मरण पावला. पहिल्या डॉक्टरास तो पटकीसारखा रोग वाटला. मारीनें उंदरांसाठीं म्हणून सोमल आणविला होता. आणि ती पेयांत पांढरी पूड ढवळतांना आपण पाहिलें, असें घरांत राहणाऱ्या एका बाईनें सांगितलें. चोवीस वर्षांची ती विधवा खुनाच्या आरोपाखालीं पकडली गेली.

सप्टेंबर महिन्यांत त्यूल येथें खटला उभा राहिला. साऱ्या फ्रान्सांत दोन तट पडले. कोणी तिला साध्वी म्हणे, कोणी राक्षसीण. प्रथम जवळच्या गांवच्या डॉक्टरांनीं जुन्या रीतीनें जठर तपासून सोमल सांपडल्याचें सांगितलें होतें. पण शेवटच्या परीक्षेच्या वेळीं त्यांची कांचेची नळीच फुटली होती. बचावाच्या वकिलांनीं डॉ. ओर्फिला ह्यांचें मत मागविलें, व ही परीक्षा भरंवशाची नाहीं, असें त्यांनीं कळविलें. मग लिमोज येथील रसायनशास्त्रज्ञांनीं मार्शची परीक्षा केली. सोमल निघाला नाहीं. आरोपीच्या बाजूनें आनंदाची लाट उसळली. प्रेत उकरून काढून अवयव तपासले. तेव्हांही प्रेतांत कांहीं मिळालें नाहीं. मात्र घरांतील पेयांत सोमल भरपूर सांपडला. एका बाजूस पेल्यांत विष, दुसऱ्या बाजूस शरीर निर्विष! न्यायाधीशांनीं काय समजावें? शेवटीं सरकारी बाजूनें डॉ. ओर्फिला ह्यांनाच बोलाविण्यांत आलें.

ते पॅरिसहून आले व न्यायकचेरींतच परीक्षेस बसले. आधींच्या सर्व तज्ज्ञांनीं समोर हजर राहावें, अशी त्यांनीं व्यवस्था केली. दारावर पहारा होता. दुसऱ्या दिवशीं, ता. १४ सप्टेंबर रोजीं, त्यांनीं न्यायालयापुढें येऊन सांगितलें कीं, लाफार्जच्या शरीरांत सोमल आहे. तो परीक्षेच्या द्रव्यांतून आलेला नाहीं. तो शवपेटीभोंवतालच्या मातींतून आलेला नाहीं. आणि मनुष्याच्या शरीरांत स्वभावतःच जो सोमल असतो असें ते मानीत, तोही हा नव्हे. आधींच्या तज्ज्ञांस तो कां मिळाला नाहीं, ह्याचें कारण म्हणजे विष फार थोडें होतें व नवें उपकरण वापरण्याचा त्यांस सराव नव्हता. सांपडलेला एकंदर सोमल सुमारें अर्धा मिलिग्रॅम होता. बचावाच्या बाजूनें रास्पाय नांवाचे दुसरे रसायनशास्त्रज्ञ निघाले होते. पण ते पोहोंचण्यापूर्वींच निकाल लागला. मारी लाफार्ज हिला जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा झाली. राजानें ती सौम्य करून जन्मठेप केली. इ. स. १८५२ मध्यें क्षयानें खंगलेली अशी ती सुटली, व त्याच वर्षीं मरण पावली. आपण निर्दोष आहों असें ती शेवटपर्यंत म्हणत होती.

रास्पाय ह्यांचा आक्षेप असा होता कीं, सोमल सृष्टींत सर्वत्र विखुरलेला आहे. पुरेसा बारीक शोध केला तर न्यायाधीशांच्या लांकडी खुर्चींतही तो सांपडेल. मग एवढ्याशा डागावर मनुष्याचें आयुष्य कसें तोलावें? हा आक्षेप पोकळ नव्हता. डॉ. ओर्फिला ह्यांनीं इ. स. १८३९ च्या सुमारास असें प्रतिपादन केलें होतें कीं, मनुष्याच्या हाडांत सोमलाचा अंश स्वाभाविकच असतो. लाफार्ज खटल्यानंतर त्यांनीं व इतरांनीं अधिक शुद्ध द्रव्यें घेऊन पुन्हा प्रयोग केले, तेव्हां तो सोमल मिळेना, आणि इ. स. १८४१ च्या सुमारास त्यांनीं आपलें तें मत सोडून दिलें. आश्चर्य असें कीं, त्यांच्या मरणानंतर कैक वर्षांनीं अधिक सूक्ष्म साधनें निघालीं, तेव्हां सोमलाचा अत्यंत अल्प अंश प्रत्येक मनुष्याच्या शरीरांत अन्नपाण्यावाटे येतो, हें सिद्ध झालें. म्हणूनच आज सोमल आहे एवढें सांगून भागत नाहीं. तो किती आहे, कोणत्या अवयवांत आहे, आणि सामान्य माणसांत तो किती आढळतो, हें सर्व सांगावें लागतें. मार्शची परीक्षा आतां इतिहासजमा झाली असून तिची जागा फार सूक्ष्म यंत्रांनीं घेतली आहे. पण यंत्र कितीही सूक्ष्म झालें, तरी त्या आंकड्याचा अर्थ सांगणारा मनुष्यच असतो.

मारी लाफार्ज दोषी होती कीं नव्हती, ह्याविषयीं आजही वाद आहे. आम्ही त्याचा निकाल देऊं इच्छीत नाहीं. परंतु ह्या खटल्यापासून न्यायालयांनीं दोन गोष्टी घेतल्या. एक ही कीं, विषाच्या खटल्यांत अफवेपेक्षां प्रयोगाचा पुरावा मोठा. दुसरी ही कीं, अर्धवट शिकलेल्या तज्ज्ञाचा प्रयोग अफवेइतकाच घातक होऊं शकतो. एकाच प्रेताविषयीं तीन वेळां निरनिराळें सांगितलें गेलें, हें सर्वांनीं पाहिलें होतें. फ्रान्सच्या सरकारनेंही इ. स. १८४५ व १८४६ सालीं विषांच्या विक्रीवर कायद्यानें निर्बंध घातले.

डॉ. ओर्फिला ह्यांच्या उत्तरायुष्यांत दिवस पालटले. इ. स. १८४८ च्या फेब्रुवारींत फ्रान्सांत राज्यक्रांति झाली, आणि राजाच्या मर्जींतील म्हणून त्यांस विद्यापीठाच्या मुख्याधिकाराच्या जागेवरून दूर करण्यांत आलें. अधिकार असतांना ते करारी व कांहींसे हुकमती होते, त्यामुळें शत्रूही थोडे नव्हते. पण अध्यापन त्यांनीं सोडलें नाहीं. मृत्यूपूर्वीं त्यांनीं आपल्या मिळकतींतून वैद्यकीय संस्थांस मोठी देणगी दिली. ता. १२ मार्च १८५३ रोजीं पॅरिस येथें, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, ते निवर्तले. विद्यापीठाचें जें शारीरशास्त्राचें संग्रहालय त्यांनीं उभारलें होतें, त्यास पुढें त्यांचेंच नांव मिळालें.

ह्या विद्येचें बीज आमच्या प्रांतांतही रुजलें. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत इ. स. १८४५ पासून वैद्यकाचें शिक्षण मिळूं लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील प्राध्यापक व मुंबई सरकारचे रासायनिक परीक्षक डॉ. लायन ह्यांनीं हिंदुस्थानांतील विषप्रयोगांचा अभ्यास करून न्यायवैद्यकावर ग्रंथ लिहिला. पुढें डॉ. जयसिंग मोदी ह्यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ ह्या देशांतील डॉक्टर व वकील दोघांच्याही टेबलावर दिसूं लागला. कायद्यानेंही तज्ज्ञाच्या मतास पुराव्यांत स्थान दिलें. इ. स. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमांत ती तरतूद होती, ता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमांत ती कायम आहे. मात्र तज्ज्ञ म्हणजे न्यायाधीश नव्हे. त्यानें आपलें मत व त्याचीं कारणें सांगावयाचीं. निकाल न्यायाधीशानें द्यावयाचा.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस दोन शब्द सांगून हा लेख संपवितों. खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा लहानपणापासून आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण साक्ष म्हणजे केवळ न्यायालयांत शपथ घेऊन बोललेलें वाक्य नव्हे. प्रयोगवहींत लिहिलेला रंग ही साक्ष आहे. डॉक्टरानें कागदावर केलेली सही ही साक्ष आहे. मूल लग्नसमारंभास नेलें असतां, तापानें निजून होतें असा दाखला डॉक्टराकडून आणून शिक्षकांच्या हातीं देणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. त्यांस ही गोष्ट अगदीं क्षुल्लक वाटते. परंतु जो हात आज भिडेखातर तापाचा खोटा दाखला लिहितो, त्याच हातानें उद्यां एखाद्या सुनेच्या मृत्यूचें कारण लिहावयाचें असतें. आणि जें मूल तो दाखला शाळेंत घेऊन येतें, तें उद्यां स्वतः डॉक्टर, पंच अथवा न्यायाधीश व्हावयाचें असतें.

डॉ. ओर्फिला ह्यांस सर्व गोष्टी बरोबर कळल्या असें नाहीं. त्यांच्याही हातून चुका झाल्या. पण कॉफीच्या पेल्यांत भलता रंग दिसला तेव्हां त्यांनीं तो झांकला नाहीं, आणि आपलेंच मत खोटें ठरलें तेव्हां त्यास चिकटून बसले नाहींत. आपल्यांपैकीं फार थोड्यांस मोठमोठे शोध लावतां येतील; पण नळींत जो रंग दिसला तोच वहींत लिहिणें हें आमच्या शाळेंतील अगदीं लहान विद्यार्थ्यासही साधण्यासारखें आहे.